खुलताबादच्या दर्ग्यात पहिल्यांदा जाताय? खान्देशातून निघणाऱ्यांसाठी सगळं नीट सांगतो

आमच्या खान्देशातून कन्नड घाट चढून तिकडे जाणारे कितीतरी लोक आहेत. श्रावणात घृष्णेश्वर, शनिवारी भद्रा मारुती, शाळेची सहल असली की कैलास लेणं, आणि यातले बरेचजण खुलताबादच्या रस्त्यावरून जाताना पांढरे घुमट बघतात, गाडी जरा हळू करतात आणि पुढे निघून जातात. का थांबला नाहीत विचारलं तर बहुतेकांचं उत्तर एकच, भो आत गेल्यावर काय करायचं ते माहीत नाही, आपल्या हातून काही चुकलं तर? मी पण कितीतरी वर्षं असाच बाहेरून गेलो. मग एकदा मित्राची आई, आम्ही सगळे तिला खाला म्हणतो, तिने मला सोबत नेलं, गाडीतून उतरायच्या आधी माझ्या शर्टाच्या खिशातली सुपारीची पुडी काढून डॅशबोर्डवर ठेवली, हातात स्वच्छ रुमाल दिला आणि म्हणाली चल. त्या दिवशी आणि नंतर जे शिकलो ते सगळं इथे लिहितोय.

आधी एक गोष्ट सांगतो, कारण ती कळल्यावर खान्देशच्या माणसाला हे दर्गे परके वाटणार नाहीत. खुलताबादच्या मुख्य रस्त्याच्या दोन बाजूंना समोरासमोर दोन दर्गे आहेत, एक हजरत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचा आणि दुसरा हजरत झैनुद्दीन शिराझी यांचा. बुऱ्हाणुद्दीन हे दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांचे शिष्य. 1327 मध्ये महंमद तुघलकाने राजधानी दौलताबादला हलवली, त्या काळात दिल्लीतले बरेच सुफी लोक इकडे आले त्यातलेच हे, 1337 मध्ये वारले. झैनुद्दीन त्यांचे शिष्य, ते 1369 मध्ये गेले. आता खान्देशात फारुकी घराण्याचं राज्य होतं हे आपण शाळेत वाचलंय, थाळनेरला त्यांची आधीची राजधानी, शिरपूर तालुक्यात त्यांच्या कबरी अजून आहेत. त्याच घराण्यातल्या नासीरखान फारुकीने 1400 च्या सुमारास तापीच्या काठावर नवं शहर वसवलं आणि त्याला नाव दिलं बुऱ्हाणपूर, पलीकडच्या काठावरच्या गावाला झैनाबाद. म्हणजे तापीच्या दोन काठांवरच्या गावांची नावं ज्या दोन माणसांवरून पडली ते दोघं इथे, एका रस्त्याच्या दोन बाजूंना झोपलेत. मला हे कळलं तेव्हा मी खरंच रस्त्याच्या मधोमध उभा राहून एकदा इकडे एकदा तिकडे बघत होतो.

कधी जायचं, कसं जायचं

धुळे, पारोळा, चाळीसगाव या बाजूने येणार असाल तर चाळीसगावहून कन्नड घाट चढायचा, ज्याला औट्रम घाट पण म्हणतात, मग कन्नड, मग वेरूळ आणि तिथून चार-पाच किलोमीटर वर चढून खुलताबाद. रेल्वेने येणाऱ्यांनी चाळीसगाव स्टेशनवर उतरून संभाजीनगरकडे जाणारी एसटी पकडायची, कंडक्टरला आधीच विचारून घ्या की गाडी खुलताबादहून जाते की बाहेरून, नाहीतर वेरूळला उतरा आणि तिथून रिक्षा किंवा काळीपिवळी करा. जळगाव, जामनेरवाल्यांना अजिंठा, सिल्लोड, फुलंब्री करून पण येता येतं, कन्नड घाट नको असेल तर तो रस्ता बरा. पावसाळ्यात कन्नड घाटात धुकं इतकं असतं की पुढची गाडी दिसत नाही, 2021 च्या ऑगस्टमध्ये तिथे दरडी कोसळून रस्ता बंद पडला होता, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये निघायच्या आधी घाट चालू आहे का ते एखाद्या ड्रायव्हरला फोन करून विचारा आणि अंधारात घाट उतरायची वेळ आणू नका.

दिवस कोणता? माझं मत विचाराल तर बुधवार किंवा गुरुवार सकाळ. मंगळवारी वेरूळ लेणी बंद असते, त्यामुळे दोन्ही बघायचं असेल तर मंगळवार नको. शनिवारी भद्रा मारुतीची गर्दी असते, श्रावणातल्या शनिवारी तर रात्रभर लोक पायी येतात, गाडी लावायला जागा मिळत नाही. शुक्रवारी दुपारी 12 ते 2-अडीच जुम्म्याची नमाज असते, दर्ग्याला लागूनच मशीद आहे, तेव्हा बघ्यांनी मध्ये लुडबुड करू नये. गुरुवारी संध्याकाळी दर्ग्यात भाविक जास्त असतात, ज्यांना ते वातावरण अनुभवायचंय, लोबानाचा वास, गर्दी, दुआ, त्यांनी मुद्दाम तेव्हा जावं, पण लहान मुलं आणि म्हातारी माणसं सोबत असतील तर सकाळच बरी. रमजानमध्ये गेलात तर दिवसभर लोकांचे रोजे असतात, त्यांच्या तोंडासमोर बाटलीतून गटागट पाणी पिणं किंवा वेफर्स खाणं टाळा, कोणी काही बोलणार नाही पण आपल्याला कळलं पाहिजे.

आणि उरूस. खुलताबादचा मोठा उरूस हजरत जर जरी जर बक्ष यांचा, हे बुऱ्हाणुद्दीन यांचे भाऊ, त्यांच्याही आधी इथे आलेले. रबीउल अव्वल महिन्यात भरतो. मुसलमानी महिने चंद्रावर चालतात म्हणून इंग्रजी तारीख दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते, कॅलेंडर बघून ठरवा. त्याच महिन्याच्या 12 तारखेला, म्हणजे ईद-ए-मिलादला, झैनुद्दीन बाबांच्या दर्ग्यात जपलेला पैगंबरांचा पोशाख, त्याला पैराहन-ए-मुबारक म्हणतात, तो दर्शनाला काढतात, वर्षातून फक्त त्या दिवशी. त्या दिवसाची रांग लांबच लांब असते. पहिल्याच भेटीला उरूस निवडू नका असं मी सांगेन, पण एकदा सवय झाली की जरूर जा, आपल्याकडच्या जत्रेसारखंच पाळणे, खेळण्यांची दुकानं आणि खाजा, हा खाजा पिशवी भरून घरी न्यायचा असतो.

कपडे आणि सोबत काय घ्यायचं

पूर्ण बाह्यांचा किंवा निदान कोपरापर्यंतचा शर्ट, पॅन्ट. बर्म्युडा, थ्री-फोर्थ नको, गुडघा झाकला पाहिजे हे पुरुषांना पण लागू आहे. बायकांना साडी चालते, पंजाबी ड्रेस चालतो, जीन्सवर लांब कुर्ता चालतो, फक्त डोकं झाकायला पदर किंवा ओढणी पाहिजे, सरकती सिल्कची ओढणी घेऊ नका सारखी घसरते, कॉटनची घ्या. पुरुषांनी पण डोकं झाकायचं. बाहेर प्लास्टिकच्या जाळीच्या टोप्या मिळतात पण त्या शंभर जणांनी घातलेल्या असतात, घरून स्वच्छ मोठा रुमाल न्या आणि मागे गाठ मारा. आमची आजी तर कुठल्याही देवाच्या दारात म्हणायचीच, "डोकावर रुमाल ले रे", तर आपल्याला हे नवीन नाही. क्रिकेटची कॅप शक्यतो नको, तिचा छज्जा पुढे येतो आणि वाकलं की ती पडते.

खिशातून गुटखा, तंबाखू, सिगारेट काढून गाडीत ठेवा. हे मी कळकळीने सांगतोय कारण आपल्या भागात ही सवय फार आहे आणि तोंडात पुडी धरून लोक कुठेही जातात. तोंड धुवून, चूळ भरून आत जा. आदल्या रात्री दारू प्यायलेली असेल आणि वास येत असेल तर त्या दिवशी जाऊच नका. सोबत मोजे घ्या, मार्च ते जून फरशी इतकी तापते की अनवाणी चालवत नाही, आणि चप्पल ठेवायला एक कापडी पिशवी. सुटे पैसे, 10-20 च्या नोटा, हे महत्त्वाचं, का ते पुढे येईल. आधार कार्ड खिशात असू द्या.

दारातून मजारपर्यंत

दर्ग्याच्या दारात चपला काढायच्या. चपला सांभाळणारा माणूस असतो, त्याला परत येताना पाच-दहा रुपये द्या. दारातच फुलांची टोपली, चादर, अगरबत्ती, रेवड्या विकणारे असतात आणि दहा जण हाका मारतात. इथे शांत राहायचं. चादर चढवलीच पाहिजे असा कुठेही नियम नाही, फुलं नेलीच पाहिजेत असाही नाही, रिकाम्या हाताने गेलेल्या माणसाला कोणी परत पाठवत नाही. मनात असेल तर गुलाबाच्या फुलांची छोटी टोपली घ्या, भाव आधी विचारून. चादर चढवायचीच असेल, काही नवस बोललेला असेल, तर भाव विचारा, हातात घेऊन कापड बघा आणि मगच पैसे द्या. नारळ, कापूर, हळद-कुंकू घेऊन आत जाऊ नका, काही ठिकाणच्या पीरांना नारळ चालतो पण ते ठिकाणाठिकाणावर असतं, माहीत नसेल तर मुजावरांना विचारा. मुजावर म्हणजे दर्ग्याची सेवा करणारे, काहीजण खादिम पण म्हणतात.

आत अंगणात शिरलात की पहिल्यांदा पायाखाली बघा. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि हेच बाहेरून आलेल्या माणसाच्या लक्षात येत नाही. अंगणात मोठ्या मजारीशिवाय, म्हणजे संताच्या मुख्य कबरीशिवाय, कितीतरी लहान कबरी असतात, काही फरशीच्या पातळीपासून जेमतेम वीतभर वर. त्यांच्यावर पाय द्यायचा नाही, ओलांडायचं नाही, त्यांच्यावर बसायचं नाही, बॅग टेकवायची नाही. लहान पोरांचा हात धरून ठेवा कारण त्यांना तो ओटा वाटतो आणि ती उड्या मारायला जातात. पाण्याचा हौद किंवा नळ असतो तिथे लोक वजू करतात, म्हणजे नमाजच्या आधी हात-पाय-तोंड धुतात, आपल्याला हातपाय धुवायचे तर जरूर धुवा पण तिथे कुल्ल्या करून थुंकू नका. कोणी नमाज पढत असेल तर त्याच्या समोरून जायचं नाही, मागून वळसा घालायचा, किंवा थांबायचं, दोन-चार मिनिटांचा प्रश्न असतो.

मजार जिथे आहे त्या खोलीचा उंबरठा उंच असतो. उंबरठ्यावर पाय द्यायचा नाही, ओलांडून उजवा पाय आधी आत. हे आपल्या घरात पण पाळतातच. दार बुटकं असेल तर वाका, कपाळ वाचेल. आत गेल्यावर डावीकडून-उजवीकडून फिरायची आपल्यासारखी प्रदक्षिणेची पद्धत नसते, गर्दी ज्या दिशेने सरकतेय त्या दिशेने सरका. मजारीच्या पायाकडच्या बाजूला उभं राहणं अदबीचं समजतात. फुलं स्वतः वाहू देतात तर दोन्ही हातांनी हळूच ठेवा, उडवून टाकू नका, नाहीतर मुजावरांच्या हातात द्या. मग तिथे काय म्हणायचं हा प्रश्न मला सगळेच विचारतात. मुसलमान माणूस फातिहा, म्हणजे कुराणातली सुरुवातीची प्रार्थना, वाचतो, दोन्ही तळहात वर करून दुआ मागतो. तुम्ही हात जोडा, डोळे मिटा, मनात जे असेल ते म्हणा. मी हात जोडूनच उभा राहतो आणि आजवर मला कोणी हटकलेलं नाही, उलट एकदा एका म्हाताऱ्या मुजावरांनी डोक्यावर मोरपिसांचा झाडू टेकवून विचारलं कुठून आलात, मी म्हटलं चाळीसगावकडून, तर लगेच म्हणाले पीर मुसा कादरी बाबांचे गाववाले. आमच्या चाळीसगावला या बाबांच्या उरूसात तलवारीची मिरवणूक निघते, त्यांना ती माहीत होती.

बाहेर पडताना मजारीकडे एकदम पाठ करून वळायचं नाही, तीन-चार पावलं मागे मागे यायचं आणि मग वळायचं. मुजावर हातात थोडी फुलं किंवा रेवड्या देतात, त्याला तबर्रुक म्हणतात, आपण शेरणी म्हणतो तेच. उजव्या हातात घ्या, खा किंवा रुमालात बांधून घरी न्या, पण रस्त्यात टाकू नका.

बायकांनी आत जायचं का

हा प्रश्न प्रत्येक ताई-वहिनी विचारतेच म्हणून स्पष्ट लिहितो. अंगणात बायका सगळीकडे जातात. काही दर्ग्यांमध्ये मजारीच्या आतल्या खोलीत बायकांना जाऊ देत नाहीत, दाराशी तसा बोर्ड असतो, मग त्या जाळीतून किंवा दारातून दर्शन घेतात. मुंबईच्या हाजी अलीचं प्रकरण कोर्टात गेलं होतं, 2016 मध्ये मुंबई हायकोर्टाने बायकांना आत जायचा हक्क दिला. माझं स्वतःचं मत असं आहे की सगळीकडे आत जाता आलं पाहिजे, पण पाहुणी म्हणून गेलेल्या माणसाने दारातल्या म्हाताऱ्या सेवेकऱ्याशी वाद घालून काही होत नाही. माझी बायको जाळीपाशी बसते, आणि तिथे बसलेल्या बायकांशी तिच्या ज्या गप्पा होतात, कोणाच्या पोराचं लग्न, कोणाचा दवाखाना, त्यात अर्धा तास जातो.

पैशाची गोष्ट

आता सुट्या पैशांचं. आत पेटी असते, तिच्यात स्वतःच्या हाताने टाका, 10 टाका, 50 टाका, तुमची मर्जी. कोणी मोठी वही उघडून समोर धरली आणि वरच्या ओळींत कोणी 1100 दिले कोणी 2100 दिले ते दाखवलं तर घाबरू नका, ती वही बघून आपण भिडेत पडतो. माझ्यासोबत एका ठिकाणी (खुलताबाद नव्हे, दुसरीकडे लांब) असं झालंय, एका माणसाने न विचारता डोक्यावर हात ठेवून दुआ मागितली, मनगटात धागा बांधला आणि मग 1500 मागितले, म्हातारे वडील सोबत होते, त्यांच्यासमोर नाही म्हणवलं नाही आणि दिले. नंतर खालाला सांगितलं तर ती चिडली, म्हणाली दुआ की कीमत नहीं होती बेटा. तेव्हापासून मी मोठी नोट बाहेर काढतच नाही, आणि देणगी द्यायचीच असली तर पावती मागतो. उजवा हात छातीवर ठेवून, जरा मान झुकवून "बस, शुक्रिया" म्हणायचं आणि पुढे चालायचं, आवाज चढवायचा नाही.

दारात बसलेल्या गरिबांना पैशांऐवजी केळी किंवा बिस्किटाचे पुडे दिले तर सगळ्यांना पुरतात, एकाला दिले की दहा जण येतात हे लक्षात ठेवून तेवढे घ्या.

औरंगजेबाची कबर

झैनुद्दीन बाबांच्या दर्ग्याच्या आवारातच औरंगजेबाची कबर आहे. 1707 मध्ये अहमदनगरला तो वारला आणि त्याच्या इच्छेप्रमाणे इथे आणून पुरला, या संतांच्या पायाशी. कबरीवर छत नाही, वर मातीत सब्जाचं झुडूप, भोवतीचं संगमरवर नंतरच्या काळातलं. मरणानंतर त्याला खुल्द-मकान म्हणू लागले त्यावरून गावाचं नाव खुल्दाबाद, त्याच्या आधी लोक रौजा म्हणायचे, अजूनही जुनी माणसं रौजाच म्हणतात. कबर पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे. 2025 च्या मार्चमध्ये या कबरीवरून राज्यभर वातावरण तापलं तेव्हा पोलीस बंदोबस्त वाढवला होता. त्यामुळे तिथे नाव लिहून घेतलं, ओळखपत्र मागितलं तर द्या, कुरकुर करू नका.

आपल्या मनात या माणसाबद्दल राग असणार, संभाजीराजांचं नाव घेतलं की माझ्याही पोटात तुटतं. पण तिथे उभं राहून घोषणा देणं, रील बनवणं, किंवा उलट मुद्दाम फुलं वाहून त्याचा व्हिडिओ टाकणं, हे दोन्ही करू नका. आपण निघून जातो, त्याचा त्रास गावातल्या दुकानदारांना, रिक्षावाल्यांना होतो, दोन्ही धर्मांच्या. बघा, वाचा, पोरांना इतिहास सांगा, हळू आवाजात. आणि समोरच्या बुऱ्हाणुद्दीन बाबांच्या दर्ग्यात हैदराबादचा पहिला निजाम पुरलेला आहे ते पण दाखवा, तो 1748 मध्ये वारला तो बुऱ्हाणपूरला, म्हणजे परत आपलाच संबंध.

फोटोचं एवढंच की मजारीच्या खोलीत मोबाईल खिशात. अंगणात, कमानीत, दरवाजावर काढायचा तर मुजावरांना विचारून काढा, पण रडत बसलेल्या बायकांचे, दुआ मागणाऱ्या माणसांचे काढू नका. दवाखान्यातून थेट इथे आलेले लोक असतात तिथे.

एका दिवसात काय काय होतं

सकाळी 6 ला चाळीसगावहून निघालात तर आधी खुलताबाद, दोन्ही दर्गे मिळून दीड तास धरा, गडबड करू नका. मग गावाबाहेर मलिक अंबरची कबर आहे तिकडे जा, हबशी गुलाम म्हणून आलेला आणि निजामशाहीचा वजीर झालेला माणूस, 1626 मध्ये वारला, मोठी दगडी इमारत आहे आणि बहुतेक वेळा तिथे आपण एकटेच असतो. मग भद्रा मारुती, झोपलेला हनुमान, मग खाली उतरून घृष्णेश्वर आणि जमलं तर कैलास. लेण्यांना तीन तास लागतातच, सोबत म्हातारी माणसं असतील तर लेणी दुसऱ्या फेरीला ठेवा. वेरूळला मालोजीराजे भोसल्यांची गढी बघायची विसरू नका. मालोजींना मूल होत नव्हतं तेव्हा नगरच्या शाह शरीफ पीराला नवस केला आणि झालेल्या दोन मुलांची नावं त्या पीरावरून शहाजी आणि शरीफजी ठेवली अशी परंपरेने सांगत आलेली गोष्ट आहे. सकाळी दर्ग्यात जाऊन दुपारी त्या गढीसमोर उभं राहून ही गोष्ट पोरांना सांगितली की पोरं गप्प होऊन ऐकतात, माझ्या पुतण्याने तर लगेच विचारलं, मग शिवाजी महाराजांच्या बाबांचं नाव पीरबाबांवरून?

जेवणाचं सांगायचं तर सकाळी निघताना कळण्याची भाकरी आणि ठेचा बांधून घ्या, दर्ग्याच्या आवारात डबा उघडू नका, भद्रा मारुतीजवळ किंवा वेरूळला झाडाखाली बसून खा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये रस्त्याच्या कडेला सीताफळाच्या टोपल्या असतात, जास्त पिकलेली घेऊ नका, घाटातल्या वळणांत पिशवीतच फुटतात. आणि 4 वाजता काहीही राहिलं असलं तरी परतीला निघा, उजेड असेपर्यंत कन्नड घाट उतरून खाली आलं पाहिजे.